वयाचंच आहे म्हणे!

संपादक महोदय, स. न.

कालच्या पुरवणीतला 'वाढतं वय आणि गर्भाशयाचा कर्करोग' हा लेख वाचला. लेखिकाबाईंनी कष्ट घेतलेत, नाही म्हणत नाही. पण वयाबरोबर धोका वाढतो हे तीन-तीनदा सांगून, पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसला तर काय करायचं हे मात्र एका ओळीत उरकलं! लेख हवा होता तो त्यासाठीच.

आमच्या मोठ्या जाऊबाईंना ६३व्या वर्षी पुन्हा रक्त दिसायला लागलं. घरी महालक्ष्म्या बसायच्या होत्या. जाऊबाई निमूट मागच्या खोलीत जाऊन बसल्या, नैवेद्याला हात लावला नाही. आल्यागेल्यांनी त्यांच्या सोवळ्याचं कौतुक केलं. एक काकू तर 'अजून तरुण आहात हो!' म्हणून हसल्या. या वयात ही बाई बाहेर कशी बसते, हे विचारायचं एकीलाही सुचू नये?

पुढे डॉक्टरसाहेबांनी शुगर पाहिली, वजनावरून चार शब्द ऐकवले आणि 'वयाचंच आहे, घाबरू नका' म्हणत लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. वाढलेलं वजन आणि मधुमेह या दोन्हींनी या कर्करोगाचा धोका वाढतो. पाळी गेली तरी चरबीत इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार होत राहतं आणि त्याला आवर घालणारं दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, उरलेलं नसतं. हे आम्हाला संक्रांतीनंतर दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं आतलं अस्तर १४ मिमी जाड. पाळी गेलेल्या बाईचं ४ मिमीच्या वर असलं आणि रक्त जात असलं, की तुकडा काढून तपासतात म्हणे. तपासला, कर्करोगच निघाला. गर्भाशय काढलं, वर किरणांचे शेकही (रेडिएशन) घ्यावे लागले. आता बऱ्या आहेत, पुन्हा सगळ्यांवर ओरडतात.

पाळी गेल्यावर असं रक्त दिसणाऱ्या शंभर बायकांत नव्वदेक जणींना कर्करोग नसतोच, तेव्हा उगाच घाबरवायचं नाही मला. पण आपण त्या नव्वदांतल्या की दहांतल्या, हे तपासल्याशिवाय कसं कळणार? आणि 'पॅप करा, निश्चिंत व्हा' हे कुठून आणलंत? ती तपासणी गर्भाशयाच्या मुखासाठी. आतल्या अस्तराच्या कर्करोगासाठी तिच्या भरवशावर राहता येत नाही. दुरुस्ती छापा.

छापाल तेव्हा टाइप मोठा ठेवा. लेख साठीच्या बायकांसाठी, फोटो पंचविशीतल्या खिदळणाऱ्या मुलीचा आणि अक्षरं इतकी बारीक की चष्म्यावर भिंग धरावं लागलं. सराफाच्या जाहिरातीला मात्र अर्धं पान!

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे