युगांडातल्या मसाकाहून वसईच्या मावशीला

प्रिय मावशी,

हे पत्र घरी पाठवलं असतं तर तू ते बायबलात घालून ठेवलं असतंस आणि फोनवर म्हणाली असतीस, 'ते राहू दे, पोरीचं सांग.' म्हणून चारचौघांत लिहितोय. नाव घालत नाही, काळजी करू नकोस.

आधी पोरीचंच, जिच्या शाळेला तू पैसे देत आलीस. जानेवारीत सातवीचा, म्हणजे पीएलई या प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा, निकाल लागला. तिला पंधरा मिळाले. घाबरू नकोस, युगांडात हा आकडा जितका लहान तितका चांगला. चार विषय, प्रत्येकात एक मिळाला की चार. त्याहून चांगलं काही नाही. पंधरा म्हणजे सेकंड डिव्हिजन. गणिताने घात केला. सामाजिक शास्त्रांच्या पेपरात धर्माचेही प्रश्न असतात, ख्रिस्ती किंवा इस्लाम, आपला निवडून सोडवायचा. ते सगळे बरोबर आले, असं तीच सांगते. मी मान्य केलं.

2018 साली मी तुला तिचा फोटो पाठवला होता, तेव्हा ती दुसरीत होती. मी तिला एका अनाथाश्रमात घालायच्या गडबडीत होतो. पक्की इमारत, ओळीने पलंग, पाहुणे आले की मुलांची गाणी. तू एवढंच विचारलंस, 'आजी आहे ना तिला? मग तिकडे कशाला?' मला रागच आला होता. वसईत बसून हिला काय कळतंय, असं वाटलं. कागदावर मूल अनाथच होतं; आई किंवा बाप, एक गेला तरी मोजणीत मूल अनाथ धरतात, हिचे तर दोघंही गेलेले. पण आजीला विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

आजीला इथे ज्जाज्जा म्हणतात. ही ज्जाज्जा राकाई भागातली. तिथल्या कासेन्सेरो या तळ्याकाठच्या गावात 1982 साली युगांडातले एड्सचे पहिले रुग्ण सापडले. माणूस वाळत जायचा, म्हणून लोक त्या रोगाला 'स्लिम' म्हणायचे. त्या वर्षांत तिने स्वतःची दोन मुलं पुरली. त्या भागातली कितीतरी पोरं अशा आज्यांनीच वाढवलीत. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, 'मूल माझ्याकडे राहू दे, शाळेचं तेवढं बघ.' म्हणजे तुझंच म्हणणं, इथल्या लुगांडा भाषेत.

मग चर्चच्या आवारातली शाळा. गोरा मिशनरी डोळ्यापुढे आणू नकोस. मसाकाला 1939 सालीच आफ्रिकन बिशप मिळाले, जोसेफ किवानुका. शाळेतल्या सिस्टरही इथल्याच. सकाळी प्रार्थना, दुपारी पोशो आणि घेवड्याची उसळ. पोशो म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, तुला आवडणार नाही. सरकारने 1997 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं, मग पैसे कशाला, असं मला इथलेही विचारतात. त्यांना मी टर्मची यादी दाखवतो: गणवेश, दुपारचं जेवण, कागदाचं रीम, टॉयलेट पेपर, साबण, दोन झाडू. झाडूसाठी परत पाठवलेली पोरं मी पाहिलीत.

वाडीतल्या केळ्यांचे पैसे तू माझ्या आईच्या हातात द्यायचीस आणि मी इथून मोबाईल मनीने शाळेत भरायचो. एकही टर्म चुकली नाही. मार्च 2020 ला शाळा बंद झाल्या. मधे काही वर्गांची थोडी ये-जा झाली ती सोडली तर त्या जानेवारी 2022 लाच उघडल्या. जवळजवळ दोन वर्षं! मी म्हटलं, आता थांबू या. तू म्हणालीस, 'शाळा बंद झाली, पोट बंद झालंय का?' त्या पैशांतून एक रेडिओ आला, त्यावर धडे लागायचे, आणि एक डुकराचं पिल्लू. धडे तिने किती ऐकले देव जाणे, पण पिल्लू वाढलं, आणि ते विकून पाचवीचा गणवेश शिवला. तिच्या वर्गातल्या काही मुली परत आल्याच नाहीत. एकीच्या कडेवर मूल होतं.

गेल्या सुट्टीत तू दिलेली सुकेळी, आपली उन्हात वाळवलेली केळी, ज्जाज्जाकडे नेली होती. त्यांच्याकडे केळं म्हणजे मटोके, हिरवं सोलून, पानात बांधून वाफवायचं. कुस्करलं की जेवण. तिने सुकेळं हातात फिरवलं, वास घेतला, अर्धं खाल्लं आणि उरलेलं पदराला, म्हणजे गोमेसी या इथल्या बायकांच्या लांब झग्याच्या पट्ट्याला, बांधून ठेवलं. मी तुला अगंतुगं करतो, पण तिने तुझे आभार अनेकवचनात मानले: म्वेबाले न्यो. मोठ्या माणसाला तसंच म्हणतात.

आता हायस्कूल, बोर्डिंगचं. ज्जाज्जा स्वतःच म्हणाली, जाऊ दे, सुट्टीला घरी येईल. शाळा उघडतात त्या दिवशी इथल्या टॅक्सींच्या टपांवर गाद्या आणि पत्र्याच्या ट्रंका बांधलेल्या असतात. आमची ट्रंक निळी आहे. गादी जुनीच चालेल म्हणते. पाण्याचा जेरीकॅन मी घेतलाय, कुलूप राहिलंय.

आणि हो, ज्जाज्जा विचारते आहे, ती केळी उन्हात किती दिवस ठेवायची. राजेळी इथे नाही मिळत, पण तू सांग.

तुझाच,
युगांडाचा भाचा