शनिवारी जा, सोमवारी फोन जवळ ठेव

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी काकू काकाला किडनी देणार, दोघांचं ऑपरेशन, आणि दोनच दिवस आधी तुमच्याकडे हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडतो, तर जाऊ की नको, असं तू विचारलंस. फोनवर आजी बाजूलाच बसलेली असते, मोकळं बोलता येत नाही, म्हणून लिहितो. तू जा.

आधी घड्याळाचं बघ. काका-काकूला सोमवारी सकाळी आठच्या सुमारास आत नेतील. तेव्हा तिकडे अमेरिकेत, तुमच्या विस्कॉन्सिनला, रविवारची रात्र असेल, साडेआठ. म्हणजे तू जंगलात असशील तेव्हा इथे काका पलंगावर बसून शेवटच्या रिपोर्टची वाट बघत असेल आणि काकू मला यंदा धान किती खंडी झालं ते विचारत असेल. रविवारी अंधार पडायच्या आत गाडीशी ये, घरी पोच, फोन चार्ज करून उशाशी ठेव.

तिकीट काढून धावत येण्याचं मात्र मनातून काढ. दवाखान्यात एका पेशंटजवळ एकच माणूस थांबू देतात. काकाजवळ मी राहीन, काकूजवळ तुझी आई. तू आलास तरी व्हरांड्यात बसशील आणि सगळी सुट्टी तिथेच संपेल. गरज नंतर आहे, कारण एका घरात दोन पेशंट परत येणार आहेत. गावात जो तो काकाचं विचारतो, काकूच्याही पोटाला टाके पडणार हे कुणाच्या ध्यानात येत नाही. महिना-दीड महिना तिने पाण्याची गुंड उचलायची नाही, पोतं सरकवायचं नाही. ती ऐकणारी नाही, तुला माहीतच आहे.

काकाला पहिले काही महिने फार जपायचं आहे. नवी किडनी शरीराने परकी म्हणून नाकारू नये यासाठी प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं देतात, बारा-बारा तासांनी, घड्याळ लावून, जन्मभर. त्यामुळे साधी सर्दीही महागात पडू शकते. गोठा बंद, धुळीत जाणं बंद, आणि त्याला सगळ्यात जड जाईल ते म्हणजे यंदा नाटकंही बंद. आत्ता धानाच्या बांध्यांमध्ये पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, लागले आहेत, चुरणं म्हणजे मळणी व्हायची आहे, घरभर भुसा उडतो. मी मागची खोली रिकामी करून चुना मारला, खिडकीला बारीक जाळी बसवली. जानेवारीत धान उरकलेलं असेल, घर स्वच्छ असेल आणि आम्ही थकलेलो असू. तेव्हा ये.

गेलं वर्षभर तू काकाला फक्त व्हिडिओवर बघितलंस, तिथे तो तुला हसूनच दाखवतो. आठवड्यातून तीनदा बल्लारशा–गोंदिया गाडीने जायचं, चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत पडायचं आणि तोंड सुकवून परत यायचं. दिवसाचं पाणी काकू सकाळीच बाटलीत मोजून ठेवते. मे महिन्यात तो बर्फाचा खडा गालात धरून बसायचा. खड्याने पाणी थोडंच पोटात जातं आणि तोंड बराच वेळ ओलं राहतं. डाव्या मनगटावर डायलिसिससाठी फिस्टुला केलाय, म्हणजे धमनी आणि शीर एकमेकींना जोडल्या आहेत. बोट ठेवलं की आत सारखी थरथर लागते. आजी रोज झोपायच्या आधी तिथे दोन बोटं ठेवून बघते. थरथर लागली म्हणजे रस्ता चालू आहे, एवढं डॉक्टरांनी तिला समजावून दिलंय. लागली की मान हलवते आणि अंथरुणाकडे जाते.

किडनी मी द्यायला तयार होतो. सख्खा भाऊ कायद्याने चालतो, पण माझा रक्तगट आडवा आला. काकूचा ओ, आणि क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त एकमेकांशी जुळतं का याची तपासणी, तीही नीट आली. १९९४ च्या कायद्यात नवरा-बायको जवळचे नातेवाईक धरले आहेत, पण लग्न झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. त्यांच्या लग्नाची नोंद कुठे केलेली? मग पेटीच्या तळातून मांडवातला फोटो शोधून काढला, अर्धा वाळवीने खाल्लेला, पण दोघांचे चेहरे शाबूत. काकूला एकटीला बसवून कॅमेऱ्यासमोर विचारलं, बाई, कुणाचा दबाव आहे का? ती म्हणाली, "मले कोन म्हननार? म्याच त्याह्यले म्हटलं." बाहेर आल्यावर मला सांगताना तिला रडू आलं, तेही रागाने, असं विचारलंच कसं म्हणून. मला मात्र विचारलं ते बरं वाटलं. बायको आहे म्हणून तिची किडनी गृहीत धरायची नसते.

आता शिकारीचं. माझी सगळी नोकरी नवेगावच्या जंगलात गार्ड म्हणून गेली, तेव्हा या बाबतीत मला काय वाटतं ते तुला कळायलाच हवं. मी फासे काढत फिरलो. मोटरसायकलच्या क्लचची तार खुटीला बांधून गवतात चितळाच्या गळ्याइतक्या उंचीवर सोडतात. जनावर अडकलं की पुढे ओढतं आणि ओढेल तसा फास आवळत जातो. सकाळी सापडायचं तेव्हा भोवतीची जमीन खुरांनी नांगरून निघालेली असायची. अकरा केव्हीच्या लाइनवर आकडा टाकून रानडुकरांसाठी उघडी तार सोडतात. त्या तारांनी विदर्भात वाघ मेले, जागलीला, म्हणजे रात्री शेत राखायला, निघालेली माणसंही मेली. १९७२ च्या कायद्याने आपल्याकडे शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी असं मला वाटतं.

तुमच्याकडे परवाना, जनावर मारलं की सरकारदरबारी नोंद, अंगात नारिंगी जाकीट. बंदूक-काडतुसांवरचा कर १९३७ च्या कायद्याने वन्यप्राण्यांच्या कामालाच जातो, हेही तूच सांगितलंस. मी त्यावर पुष्कळ विचार केला. फासेवाला आणि तू, माझ्या लेखी एक नाही. फक्त एक ऐक. नेम पक्का असेल तरच गोळी झाड आणि जखमी जनावर रानात टाकून येऊ नको, रक्ताच्या मागावर शेवटपर्यंत जा. म्हणूनच सांगतो, रविवारी दुपारनंतर बंदूक उचलूच नको. जनावर जखमी होऊन पळालं तर त्याच्यामागे रात्र जाईल, आणि रविवारची रात्र काकाची आहे.

आजीला मी खरं तेच सांगितलं. ती म्हणाली, "आपन देवाले जीव मागून राह्यलो अन् पोरगा जीव घ्याले जाऊन राह्यला?" तिने काका घरी येईपर्यंत घरात मटण-मासोळी बंद केली आहे. तिची श्रद्धा मी मोडणार नाही, आम्ही सगळे ते पाळतो आहोत. पण काकाची किडनी चालायची ती सर्जनच्या हाताने आणि वेळेवर घेतलेल्या औषधाने. तुझ्या बंदुकीचा तिच्याशी संबंध नाही, हे तिच्यासमोरच बोललो. काका पलंगावरून ऐकत होता. म्हणाला, "पोट्टा जाते तं जाऊ दे ना. मचानीवर बसाले म्याच शिकवलं त्याले." ते खरंच आहे. जागलीला तो तुला सोबत न्यायचा, डबडं वाजवून डुकरं पळवायची आणि मग पहाटेपर्यंत चूप बसायचं. बंदूक त्याने जन्मात हातात धरली नाही, पण तुझी हकीकत त्याला ऐकायची आहे. ऑपरेशननंतर काचेच्या खोलीत एकटा पडून राहील, बोलता यायला लागलं की फोन लावून देईन. नीट, सावकाश सांग.

मला काळजी वाटते ती एकटा जातोस याची. मीही बीटवर एकटा फिरलो, पण कोणत्या नाल्याने जाणार आणि किती वाजता परतणार हे कॅम्पवर सांगितल्याशिवाय पाऊल टाकलं नाही. तूही तुझ्या रूममेटला जागा आणि वेळ लिहून दे, उशीर झाला तर कुणाला फोन करायचा तेही. झाडावरच्या मचाणावर चढायच्या आधी पट्टा बांध, उतरून पाय जमिनीला लागेपर्यंत सोडू नको. बंदूक रिकामी करून दोरीने वर ओढून घे. तुमच्याकडे पडूनच फार जण जखमी होतात म्हणे.

जानेवारीचं तिकीट बघ. येण्याआधी फ्लूची लस घे. नाक वाहत असेल तर चार दिवस नागपूरला थांबून मग गावी ये, काकाला भेटायची घाई करू नको.

सोमवारी माझा फोन यायला उशीर झाला तर घाबरू नको. आधी काकूला घेतात, मागून काकाला, सगळं आटपेपर्यंत दुपार होईल, म्हणजे तुझी मध्यरात्र. दोघं बाहेर आल्यावरच फोन करीन.

तुझे,
बाबा