लघवीची बाटली आणि खिशातली बाटली

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सायकल शर्यतींतील उत्तेजकांच्या बातम्या आपल्या क्रीडा पानावर अधूनमधून येतात. त्या बहुधा फ्रान्स, इटली, स्पेनमधल्या असतात, त्यामुळे आमच्या भागातला वाचक ते पान उलटून कापसाच्या भावाकडे वळतो. मीही वळत असे. यंदाच्या २६ जानेवारीला आमच्या तालुक्यात झालेल्या शर्यतीनंतर मात्र मी या विषयावर मिळेल ते वाचून काढले, आणि त्यातले काही आपल्या वाचकांसमोर यावे असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

शर्यत साधीच होती. अंतर २२ किलोमीटर, रस्ता निम्मा डांबराचा आणि निम्मा खड्ड्यांचा, पहिले बक्षीस ५,००१ रुपये. मी ३१ वर्षे क्रीडा शिक्षक होतो, त्यामुळे निवृत्तीनंतरही शिट्टी आणि स्टॉपवॉच माझ्याच हाती दिले जाते. दुसरा आलेला सतरा वर्षांचा मुलगा सायकलवरून उतरला आणि त्याला उभे राहता येईना. दमलेला मुलगा कसा दिसतो हे मला पाठ आहे. हा नुसता दमलेला नव्हता. जबडा आवळलेला, ओठ कोरडे, बुबुळे मोठी झालेली आणि बोटे थरथरत होती. मनगट धरून १५ सेकंद मोजले तर ४७ ठोके भरले. निंबाच्या सावलीत बसवले, पाणी पाजले आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजले, तरी ४१, म्हणजे मिनिटाला १६४. त्याच्या ट्रॅकपँटच्या खिशात रबरी बुचाची छोटी काचेची बाटली निघाली. लेबल नखाने खरवडलेले होते, तरी औषधाच्या नावाची पहिली अक्षरे शिल्लक होती. त्याला विचारले तेव्हा खाली मान घालून एवढेच म्हणाला, ‘सर, भरतीचे पोट्टे सगळेच घेतेत.’ ग्रामीण रुग्णालयात त्याला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले आणि तो सुखरूप घरी गेला.

ते औषध मेफेन्टरमिन होते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब खाली आला तर तो सावरण्यासाठी डॉक्टर ते वापरतात. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या, बंदीच्या यादीत ते उत्तेजक म्हणून नोंदलेले आहे. व्यायामशाळांतून ते कसे विकले जाते याच्या बातम्या आपल्याच दैनिकांतून येत असतात.

त्या बाटलीमुळे मला आणखी एक खिसा माहीत झाला. १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या मोठ्या सायकल शर्यतीत माँ व्हाँतू या उघड्याबोडक्या डोंगराचा चढ चढताना इंग्लंडचा नामांकित सायकलपटू टॉम सिम्पसन कोसळला आणि मरण पावला. त्याच्या जर्सीच्या मागच्या खिशात अँफेटामिन या उत्तेजक गोळ्यांच्या नळ्या सापडल्या. उन्हाचा कडाका होता, पोट बिघडलेले होते, अंगात मद्य होते, आणि थकवा जाणवू न देणाऱ्या त्या गोळ्या होत्या. शरीर ‘थांब’ म्हणून सांगते ते ऐकू येऊ नये, यासाठीच ही औषधे घेतली जातात. नांगराला जुंपलेला बैल बसतो तेव्हा कास्तकार त्याला सोडतो. इथे बैलही आपण आणि तुतारी टोचणाराही आपणच.

सिम्पसनच्या मृत्यूनंतर तपासण्या वाढल्या, पण पुढच्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास वाचताना एक गोष्ट सतत खटकते, आणि या पत्राचे मुख्य म्हणणे तेच आहे. व्यावसायिक सायकलिंगमधली मोठी प्रकरणे लघवीच्या बाटलीतून क्वचितच बाहेर आली. ती बाहेर आली नाक्यावरच्या शिपायामुळे, रस्त्यात कोणी पाहिल्यामुळे, आणि सांगायला तयार झालेल्या माणसांमुळे.

८ जुलै १९९८ रोजी फ्रान्स आणि बेल्जियमच्या सीमेवर सीमाशुल्क खात्याने फेस्टिना संघाची मोटार अडवली. चालवत होता संघाचा मालिशवाला विली व्होए. गाडीत एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, याच्या दोनशेहून अधिक मात्रा, शिवाय वाढीचे संप्रेरक आणि इतर माल निघाला. काही दिवसांतच अख्खा संघ टूरमधून काढला गेला. लक्षात घ्या, त्या संघाचे खेळाडू तोवर चाचण्या देतच होते. ईपीओ हे औषध आपल्याकडे डायलिसिसच्या रुग्णांना रक्त वाढवण्यासाठी देतात; तांबड्या पेशी वाढल्या की दम जास्त टिकतो, म्हणून सायकलपटू ते घेत. ते लघवीत ओळखण्याची पद्धत मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदा वापरली गेली ती २००० साली, सिडनी ऑलिंपिकमध्ये. तोपर्यंतच्या काळात आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९९७ मध्ये एक तोडगा काढला होता. रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण ५० टक्क्यांवर गेले तर खेळाडूला काही दिवस शर्यतीतून बसवायचे. परिणाम उलटाच झाला. पन्नास ही मर्यादा न राहता ते गाठण्याचे लक्ष्य झाले, आणि तपासनीस दारात आला की सलाइन लावून रक्त पातळ करण्याची विद्या विकसित झाली. १९९८ च्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेचा सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याच्यासाठी डॉक्टरने रेनकोटच्या आत लपवून सलाइनची पिशवी आणल्याचे साक्षीदारांनी पुढे सांगितले. आमच्या गावात सलाइन म्हणजे अशक्तपणावरचा हमखास उपाय समजला जातो, आणि ज्या भागात सिकलसेल घरोघरी आहे आणि हिमोग्लोबिन दहाच्या वर गेले की आई समाधान मानते, तिथल्या माणसाला हे वाचून हसावे की रडावे कळत नाही.

याच आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ अशी ओळीने सात वर्षे टूर जिंकली. पाचशेहून अधिक चाचण्या दिल्या आणि एकदाही दोषी ठरलो नाही, हे त्याचे पालुपद होते. १९९९ मध्ये त्याच्या लघवीत कॉर्टिसोन या स्टेरॉइडचा अंश सापडला होता, तेव्हा मागच्या तारखेची डॉक्टरची चिठ्ठी तयार करून प्रकरण मिटवले गेले. ही हकीकत संघातील मालिश करणाऱ्या एमा ओराइली यांनी उघड केली तेव्हा आर्मस्ट्राँगने त्यांनाच कोर्टात खेचले. अखेर ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने हजाराहून अधिक पानांचा पुरावा मांडला. त्यात २६ जणांच्या साक्षी होत्या आणि त्यांपैकी ११ त्याचे जुने सहकारी होते. सातही विजेतेपदे काढून घेतली गेली आणि ती कोणालाच दिली गेली नाहीत, कारण मागे उभे असलेल्यांपैकी कोणाला द्यावीत हाही प्रश्नच होता. जानेवारी २०१३ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर कबुली दिली.

डेन्मार्कचा मिकाएल रासमुसेन याचे प्रकरण तर गावातल्या पारावर सांगावे असे आहे. अचानक तपासणी करता यावी म्हणून व्यावसायिक खेळाडूला रोज एका तासासाठी आपण नेमके कुठे असू हे आधी कळवावे लागते. आजच्या नियमाने बारा महिन्यांत तीन वेळा चुकले तर बंदी येते. २००७ च्या टूरपूर्वी रासमुसेनने आपण मेक्सिकोत असल्याचे कळवले होते. पण इटलीचे माजी सायकलपटू आणि समालोचक दाविदे कासानी यांनी त्याच सुमारास त्याला इटलीतल्या डोलोमाइट पर्वतात सराव करताना पाहिले होते, आणि ते तसे बोलून गेले. शर्यत संपायला थोडेच दिवस उरलेले, अंगावर आघाडीची पिवळी जर्सी, आणि त्याच संध्याकाळी त्याच्याच संघाने त्याला घरी पाठवले. नागपूरला जातो सांगून यवतमाळच्या बसस्टँडवर दिसलेल्या माणसाची आपल्याकडे जी गत होते, तीच त्याची झाली.

खरे बोलणाऱ्याचे काय होते हेही सांगितले पाहिजे. फेस्टिना संघात ख्रिस्तोफ बासों नावाचा एक खेळाडू होता. तो काहीही घेत नाही, हे त्याच्याच सहकाऱ्यांनी पोलिसांना सांगितले. १९९९ च्या टूरमध्ये तो वृत्तपत्रात स्तंभ लिहून शर्यत अजून स्वच्छ झालेली नाही असे म्हणत होता. चालू शर्यतीत आर्मस्ट्राँग त्याच्या शेजारी आला आणि त्याला घरी जाण्यास सांगितले. इतर सायकलपटूंनी त्याच्याशी बोलणे टाकले. काही दिवसांत बासोंने शर्यत सोडली. वाळीत टाकण्याची पद्धत फक्त आपल्याकडे आहे, असा माझा समज होता.

सुधारणा झालीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २००८ पासून सायकल संघटनेने जैविक पासपोर्ट सुरू केला, आणि मला तो सर्वांत शहाणपणाचा उपाय वाटतो. सातबारा आज जमीन कोणाच्या नावावर आहे एवढेच सांगतो; ती त्याच्याकडे कशी आली हे पाहायचे तर फेरफार काढावे लागतात. एका दिवसाचा रक्ताचा नमुना हा सातबारा आहे. पासपोर्टमध्ये त्या खेळाडूच्या हिमोग्लोबिनच्या आणि नव्या तांबड्या पेशींच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी राहतात, आणि चोरटा फेरफार त्यात उठून दिसतो. औषध सापडले नाही तरी त्याने केलेला बदल सापडतो. नमुने दहा वर्षे जपून ठेवून नव्या पद्धतीने पुन्हा तपासता येतात, हाही धाक आहे.

आता आपल्याकडे. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था २००५ पासून आहे. तिचे ‘नाडा’ हे संक्षिप्त नाव ऐकून आमची पोरे हसतात, पण तिचे आकडे हसण्यासारखे नाहीत. २०२४ मध्ये देशात ७,११३ नमुने तपासले गेले आणि त्यांपैकी २६० दोषी निघाले. दिल्लीतील राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता ‘वाडा’ने ऑगस्ट २०१९ मध्ये काढून घेतली होती, ती डिसेंबर २०२१ मध्ये परत मिळाली. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली राज्य मैदानी स्पर्धेत तपासनीस आल्याची वार्ता पसरताच खेळाडू निघून गेले आणि १०० मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उरला. २०२२ साली संसदेने कायदा केला, त्याने संस्थेला झडतीचे आणि जप्तीचे अधिकार दिले. पण बाटली पुरवणाऱ्याला तुरुंगात पाठवण्याची तरतूद त्या कायद्यात नव्हती. फ्रान्समध्ये फेस्टिनाचा खटला फौजदारी न्यायालयात चालला, इटलीने २००० सालीच स्वतंत्र फौजदारी कायदा केला. आपण खेळाडूवर चार वर्षांची बंदी घालतो, नाव छापतो आणि फाइल बंद करतो. चोरबीटीच्या, म्हणजे परवानगी नसलेल्या कापसाच्या, बियाण्याची जी कथा, तीच इथे. पऱ्हाटी उभी असलेल्या शेतात अधिकारी येतो आणि पाकिटे विकणारा शांतपणे पुढच्या हंगामाची तयारी करतो.

अजाणतेपणीही मुले अडकू शकतात, याची माहिती आमच्या भागात जवळजवळ कोणालाच नाही. १ जानेवारी २०२२ पासून स्टेरॉइडचे कोणतेही इंजेक्शन स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे, आणि शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. गावात ताप आला, गुडघा दुखला किंवा अंगाला खाज सुटली की जे ‘ताकदीचे’ इंजेक्शन टोचले जाते त्यात काय असते, हे मुलगा विचारत नाही आणि टोचणारा सांगत नाही. चिठ्ठीही मिळत नाही. उद्या हाच मुलगा राज्य पातळीवर गेला तर दाखवणार काय? आणि पोलीस भरतीच्या १,६०० मीटरच्या धावेसाठी हजारो मुले वर्षभर पहाटे रस्त्यावर पळतात. ती ‘नाडा’च्या कक्षेतच येत नाहीत. घेणारा आणि न घेणारा एकाच रेषेवर उभे राहतात आणि गुण सेकंदांवर मिळतात. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, उतरणाऱ्या बैलाला आज पशुवैद्यकाचा दाखला लागतो. आमच्या तालुक्याच्या शर्यतीत उतरणाऱ्या मुलाला आधार कार्डाची झेरॉक्स पुरते.

जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय मान्यतेची टप्प्यांची सायकल शर्यत झाली. तिथल्या घाटांची छायाचित्रे पाहून परतवाड्याहून चिखलदरा चढण्याची स्वप्ने आमची पोरे पाहू लागली आहेत, आणि ते चांगलेच आहे. म्हणूनच जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाने प्रत्येक शर्यतीच्या नोंदणीच्या वेळी बंदीच्या औषधांची माहिती मराठीत द्यावी, अन्न व औषध प्रशासनाने भरतीच्या दोन महिने आधीपासून व्यायामशाळा आणि औषध दुकाने तपासावीत, आणि भरतीच्या मैदानावर निदान काही मुलांचे नमुने घेतले जावेत, एवढे तरी व्हावे. त्या बाटलीवाल्या मुलाला पकडा असे मी म्हणत नाही. त्याला पकडणे सर्वांत सोपे आहे. व्होएच्या गाडीसारखी इथली गाडी कोणती, ते शोधा.

एक कबुलीही द्यायची आहे. मी त्या दिवशी तक्रार केली नाही. मुलाचे वडील सालदार आहेत. ते हात जोडून उभे होते, आणि भरती चार महिन्यांवर आली होती. बाटली मी रुमालात गुंडाळून घरी आणली आणि ती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. औषधाचे नाव खरवडलेले असले तरी खालच्या कडेचा बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख स्पष्ट वाचता येते, आणि त्या क्रमांकावरून ती कोणत्या ठोक विक्रेत्याकडून कोणत्या दुकानात गेली हे शोधता येते, असे मला एका निवृत्त औषध निर्मात्याने सांगितले. माझा पत्ता व दूरध्वनी क्रमांक आपल्या कार्यालयासाठी सोबत वेगळा दिला आहे. मुलाचे नाव विचारणार नाही अशी खात्री देणारा अधिकारी आला, तर बाटली मी त्याच्या हातात देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडा शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ