बारच्या कर्जाची हकिकत

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय बंड्या,

कर्ज मंजूर झालं! फोनवर बातमी दिली, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर गडबडीत राहूनच गेलं. "अरे, दारूच्या बारला सरकार पैसे देतं?" असं विचारलंस, तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे तुझी पीएमईजीपीची, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेच्या कर्जाची, फाइल असणार. त्या योजनेच्या वर्ज्य धंद्यांच्या यादीत दारू मिळणारं हॉटेल, ढाबा असं स्पष्टच लिहिलंय. परमिट रूमचा विचार सोडून तुला नुसत्या खानावळीसाठी अर्ज करावा लागला होता.

इथे स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एसबीए, 1953 पासून हे काम बघते. मुख्य कमाई जुगाराची असेल तर ती दारात उभं करत नाही. बारला मात्र हरकत नाही. पण पैसे देते बँकच. सरकार फक्त जामीन राहतं, आपल्याकडे पतसंस्थेत कुणीतरी राहतो तसं. सेव्हन-ए नावाची योजना आहे, तिच्यात दीड लाख डॉलरच्या वरच्या कर्जाला 75 टक्के हमी मिळते. आणि ही हमी बँकेसाठी बरं का! धंदा बुडाला तर बँकेचं नुकसान भरून निघेल, माझं देणं माझ्या डोक्यावर राहीलच. वैयक्तिक हमीवर माझी सही आहे, घरावर बोजा चढलाय, आयुर्विमाही बँकेच्या नावे करून द्यावा लागला. नवीन धंद्याला किमान 10 टक्के पदरचे घालावे लागतात, ते वेगळेच. बायकोला शेजारी बसवून पानन् पान वाचलं, मगच सही केली.

तरीही या हमीचं मोल मला फार वाटतं. का, ते सांगतो. इथे बार म्हणजे परवाना. न्यू जर्सीत गावाच्या दर 3,000 वस्तीमागे असा एकच परवाना, त्यामुळे नवा सहसा निघत नाही; कुणाकडून तरी विकत घ्यावा लागतो आणि काही गावांत तो लाखो डॉलरला जातो. ओक ट्री रोडवरच्या कितीतरी देशी हॉटेलांत गिऱ्हाईक आपली बाटली घरून आणतं, ते यामुळेच. आता मेख अशी, की इतका महाग परवाना कायद्याने मालमत्ताच धरला जात नाही. तो गहाण ठेवता येत नाही, त्यावर बोजा चढवता येत नाही. सगळ्यात जास्त पैसे जिथे गुंतणार, तेच तारण चालत नाही म्हटल्यावर साधं कर्ज कोण देणार? पहिल्या बँकेने तोंडावर नाही म्हटलं. सरकारची हमी आली, तेव्हा दुसरीने निदान फाइल उघडली.

उघडली ती मात्र कसून. तिथल्या बाईंनी माझा जमाखर्चाचा अंदाज पेगापर्यंत तपासला. 750 मिलीच्या बाटलीतून दीड औंसाचे सोळा-सतरा पेग निघतात. मी सांडलवंड, चुकलेलं माप धरून पंधराच लावले होते. त्या आकड्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हा हिशेब कुणी केला?" मी केला म्हटल्यावर त्यांचा सूरच बदलला. इतकी वर्षं दुसऱ्याच्या बारमागे उभा राहिलो, ते कामी आलं बघ. शिवाय दारू पिऊन गेलेल्या गिऱ्हाइकाच्या हातून काही घडलं तर त्यासाठीचा विमाही त्यांनी आधीच मागून घेतला, आणि ते योग्यच आहे.

आता नगरपालिकेचा ठराव तेवढा बाकी आहे. परवाना माझ्या नावावर होईपर्यंत विकणाऱ्याचे पैसे वकिलाच्या खात्यात पडून राहतील. पोलिसांची चौकशी झाली, वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही आली.

तुझ्याकडे एक काम आहे. चकण्याला मला तुझं भडंगच ठेवायचंय, दुसरं काही नको. वहिनींना विचारून मसाल्याचं प्रमाण लिहून पाठव, पाच किलो चुरमुऱ्यांचं. वाट्या-चमच्यांत नको, ग्रॅममध्ये दे. स्वयंपाकघरातला माणूस मेक्सिकन आहे, त्याला वजन करूनच समजतं.

तुझा,
सुहास