बॅगेवरचा एम

कोलंबस, ओहायो
रविवार, १ डिसेंबर २०२४

ती. बाबा व सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी धडधाकट आहे, जेवतोय, स्वेटर घालतोय. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे आई पुढचं शांतपणे ऐकेल. ताई, तूच वाच. बाबांना मोबाईलवर वाचायला लावू नकोस. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आण.

सकाळी फोनवर बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तुमचं ते "बरं" मी ओळखतो. म्हणून फोन न करता लिहितोय. फोनवर मागे मामा बसलेला असतो.

मामाने दोन गोष्टी सांगितल्या, दोन्ही अर्धवट. पहिली, काल इथे स्टेडियममध्ये मारामारी झाली आणि पोलिसांनी मिरपूड फवारली. झालं ते खरं. पण ते मैदानावर, खेळाडूंमध्ये. अमेरिकन फुटबॉलच्या मॅचमध्ये मिशिगनची टीम आमच्या ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्ध १३-१० अशी जिंकली आणि त्यांची पोरं आपला झेंडा आमच्या मैदानाच्या मध्यभागी रोवायला गेली, त्यावरून जुंपली. मी तिथे नव्हतो. या मॅचचं तिकीट मला परवडत नाही आणि परवडलं असतं तरी काढलं नसतं. मी घरात टीव्हीसमोर पोहे खात होतो.

दुसरी गोष्ट, "लाखांचं कर्ज काढून पोरगं तिकडे रात्रभर गेम खेळतंय." मामाने माझ्या इन्स्टाग्रामवरचा तो फोटो दाखवला असणार, ‘मि’ लिहिलेल्या हेल्मेटचा. तर आता नीटच सांगतो.

गेम कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा आहे, ‘कॉलेज फुटबॉल २५’. हा फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात, का ते विचारू नका. गेम सत्तर डॉलरचा, पण माझा एक पैसा त्यात नाही. गेमही रूममेटचा आणि यंत्रही त्याचंच. तो इथलाच, ओहायोचा. जुलैमध्ये हा गेम आला तेव्हा या लोकांनी दिवाळी केली, कारण अकरा वर्षं तो बंद होता. बंद का, ते बाबा तुम्हाला पटेल. पूर्वी गेममध्ये खऱ्या पोरांची हुबेहूब नक्कल असायची, तीच उंची, तोच नंबर, फक्त नाव गाळलेलं आणि पैसा शून्य. एड ओबॅनन नावाचा कॉलेजचा एक जुना बास्केटबॉल खेळाडू २००९ मध्ये कोर्टात गेला. पुढे नियम बदलले, आणि आता ज्या ज्या पोराने होकार दिला त्याला सहाशे डॉलर, गेमची एक प्रत आणि पडद्यावर स्वतःचं नाव. वाचलं तेव्हा तुम्हीच आठवलात. मैफलीत गाणाऱ्याचं नाव होतं, तबलजीचं होतं, तंबोरा कुणाच्या हातचा ते कुणी विचारत नाही, असं तुम्ही भोपळ्याला पॉलिश करताना म्हणायचात.

त्यात स्वतःची टीम बनवायची सोय आहे. टीम गेममध्ये बनत नाही, त्यांच्या वेबसाइटवर बनवायची आणि मग गेममध्ये उतरवून घ्यायची. म्हणजे बसलो होतो ते लॅपटॉपसमोर, खेळत नव्हतो. रंग आपले, कपडे आपले, चित्र आपण काढलेलं चढवता येतं. मैदान तेवढं आपलं बनवता येत नाही, त्यांच्या यादीतलंच घ्यावं लागतं. खेळाडूंची नावं एकेक करून बदलता येतात. पंच्याऐंशी माणसं लागतात, बाबा! सगळी गल्ली संपली. मग रेल्वे स्टेशनवरचे ओळखीचे हमालही घेतले. पोस्टातले काका प्रत्यक्षात पन्नास किलोचे, त्यांना मी एकशे चाळीस किलोचे करून पुढच्या रांगेत उभं केलंय. ताई किकर आहे. ती कशी लाथ मारते ते मला ठाऊक. आणि क्वार्टरबॅक, म्हणजे जो मागे उभा राहून सगळ्यांना हुकूम सोडतो आणि चेंडू फेकतो, ती आजी. आजीला सांगा की ती आता सहा फूट चार इंच आहे.

चित्रासाठी मी तंबोरा काढला. भोपळा, तबली, दांडी, चार तारा, खुंट्या, सगळं. हेल्मेटवर तो आडवा लावला तर रूममेट म्हणाला, छान आहे, पण तुमच्या टीमच्या नावाचा आणि कोंबडीच्या तंगडीचा काय संबंध? मी त्याला मिरजेच्या वाद्यांना यंदा जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं इथपासून सुरुवात केली. पंढरपूरकडून येणाऱ्या भोपळ्यांपर्यंत पोचेस्तोवर त्याचा पिझ्झा आला.

आता इथली एक विचित्र तऱ्हा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मिशिगन हे वरचं राज्य. ओहायो आणि मिशिगन यांचं हाडवैर आहे. मूळ भांडण सीमेचं. १८३५ मध्ये टोलेडो नावाच्या पट्ट्यासाठी दोघांनी आपापली फौज उभी केली होती. अख्ख्या युद्धात एक माणूस जखमी झाला, तोही चाकूने. शेवटी टोलेडो ओहायोला गेलं आणि मिशिगनला उत्तरेचा दुसरा मोठा मुलूख देऊन गप्प केलं. आपल्याला सीमाप्रश्न नवा नाही, त्यामुळे इथवर मला सगळं समजलं. पण पुढे? दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटी या दोघांची मॅच असते, आणि त्या आठवड्यात आमच्या विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरचा ‘एम’ लाल टेप लावून खोडतात. मिशिगनचा एम म्हणून! इमारतींच्या पाट्या, दिशादर्शक बाण, जिथे एम दिसेल तिथे लाल फुली. शहाणीसुरती, पीएचडी करणारी माणसं शिडी लावून फुल्या मारतात. मिशिगनचं नावही तोंडाने घेत नाहीत, "ती वरची टीम" म्हणतात. आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं काहीतरी, फक्त कारण उलटं. गंमत म्हणजे कोलंबस या शब्दातही एम आहे. गावाच्या स्वतःच्या नावावर फुली! पहिल्या वर्षी मला वाटलं, पाट्या बदलायला काढल्यात. मी मॅथ्सच्या इमारतीसमोर उभं राहून एका मुलीला मॅथ्सची इमारत कुठे असं विचारलं होतं. यावर विद्यापीठ काही म्हणत नाही का, असं बाबा विचारतील. नाही म्हणत. मॅच संपली की फुल्या निघतात. काल हरले तरी आज निघाल्याच. लागोपाठ चौथ्या वर्षी हरलेत, आणि मिशिगन यंदा आधीच पाच मॅच हरून आली होती, त्यामुळे आज गल्लीत सुतक आहे.

तर टीम बनवली की ती १३४ टीमपैकी कुणाची तरी जागा घेते, एक जण बाहेर जातो. रूममेट म्हणाला, विचार कसला करतोस, वरच्यांना काढ. मिशिगन गेली आणि तिच्या जागी मिरज आली. त्यामुळे आपल्या टीमला दर नोव्हेंबरात ओहायो स्टेटशी खेळावं लागतं. गेममधल्या पहिल्या वर्षी आपण ५२-३ हरलो. ते तीन गुण ताईचे. आणि मिरजसुद्धा एमच, म्हणून रूममेटने गेल्या रविवारी एक आगाऊपणा केला. कपाटावर माझी मोठी बॅग आहे ना, निघताना बाबांनी तिच्यावर भोपळ्यावर नक्षी काढायच्या ब्रशने पांढऱ्या रंगात ‘एमआयआरएजे’ अशी अक्षरं घातली होती, विमानतळावर पटकन ओळखू यावी म्हणून. त्यातल्या एमवर त्याने लाल टेप मारली. उरलं ‘इराज’. तो हसत होता, मीही हसलो. पण रात्री बसून हेल्मेटवरचं इंग्रजी अक्षर काढून टाकलं आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यात देवनागरी ‘मि’ घातला. आता मार म्हणावं फुली. तोच फोटो मी टाकला आणि तोच मामाने बघितला.

हे सगळं रात्री का, याचं उत्तर द्यायला हवं. टीम पहिल्यांदा बनवली ती लक्ष्मीपूजनाच्या रात्री. तुम्हाला मी सांगितलं होतं की मराठी मंडळींच्या कार्यक्रमाला गेलो आणि मजा आली. गेलो नव्हतो. पंचवीस डॉलर तिकीट होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेसची ड्युटी होती. फराळाचा डबाही तोवर पोचला नव्हता. खोलीत एकटाच होतो. गल्लीतल्या माणसांची नावं एकेक करून टाकत बसलो तर अडीच कधी वाजले कळलं नाही. आई, रडू नकोस, चकल्या नंतर आल्या आणि चांगल्या होत्या. निम्म्या रूममेटने खाल्ल्या.

अभ्यासाचं म्हणाल तर मार्क चांगले आहेत. मामाला सांगा की निकालाचाही फोटो पाठवतो, तोही सगळीकडे फिरव.

बाबा, टीमला कोच लागतो, तिथे मी तुमचं नाव टाकलंय. आधी विचारायला हवं होतं. कोचचा करार असतो आणि टीम सारखी हरली की काढून टाकतात. गेममधली पहिली दोन वर्षं माझ्या चुकांनी तुमची खुर्ची डळमळीत झाली होती. आता बरं चाललंय, बारापैकी सात जिंकल्यात. करार वाढवून मिळाला.

पैशाचं. शुक्रवारी ५०० डॉलर पाठवलेत, बेचाळीस हजारांच्या आसपास होतील. कर्जाचा हप्ता मी बघतो, हे पैसे त्यात घालायचे नाहीत. हे डोळ्यासाठी. मोतीबिंदू पिकू द्यायचा असं आता कुणी डॉक्टर म्हणत नाही. डोळ्याला दिसत नसताना तंबोऱ्याची जवारी नुसती कानाने लावता, हे ताईने मला सांगितलंय. माझ्या फीसाठी ऑपरेशन दोनदा पुढे ढकललंत तेही. तेव्हा या महिन्यात करून घ्या. एवढंच म्हणतो, जास्त बोललो तर तुम्ही परत "बरं" म्हणाल.

नोकरीचं. एका कंपनीने दोन मुलाखती घेऊन कळवतो म्हटलं आणि कळवलं नाही. अजून चार ठिकाणी अर्ज आहेत. काळजी करण्यासारखं नाही. सगळ्यांचंच असं चाललंय.

आता ताईचं. पाहुणे मेचा मुहूर्त म्हणताहेत असं आई म्हणाली. मुलगा मला पसंत आहे, व्हिडिओ कॉलवर तरी. पण मेच्या सुरुवातीला माझी डिग्री हातात येईल आणि त्यानंतर नोकरी नसताना देश सोडला तर परत येताना अडचण होऊ शकते. मी येणार नाही असं म्हणत नाही. प्रयत्न करतोय असं म्हणतो. ताई, मुहूर्त माझ्यासाठी हलवू नका. हलवता येत असेल तर पुढचा डिसेंबर बघा. नसेल तर राहू दे. अंतरपाट धरायला मामाचा मुलगा आहेच.

माझ्यासाठी मावशीने जे स्थळ आणलंय त्यांना सध्या काही कळवू नका. मुलगी चांगलीच असेल. माझंच काही ठरलेलं नाही.

आजीला नमस्कार. गल्लीतल्या सगळ्यांना सांगा, टीममध्ये आहेत. पोस्टातल्या काकांना वजन सांगू नका.

तुमचा,
बाळू

ता. क. बाबा, बॅगेवर तुम्ही वापरला होता तो रंग साधा ऑइल पेंट होता की भोपळ्यावर नक्षी काढता तो? आज टेप काढताना एमचा एक पाय तिच्याबरोबर निघून आला. इथे दुकानात पांढऱ्याच्याच वीस छटा आहेत. कुठली घेऊ ते सांगा.