दोन स्कींवरून एका फळीवर : मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. इतकी वर्षे स्कीइंग केल्यानंतर येत्या हंगामात स्नोबोर्ड शिकण्याचा निश्चय तू केला आहेस, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. स्कीइंगचे कौशल्य तिथे कितपत उपयोगी पडेल, असे तू विचारतोस. मी याच वाटेने गेलेलो असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर द्यावेसे वाटते. माझे मत असे आहे की, तुझ्या डोळ्यांना आणि मनाला जे येते ते जवळजवळ सगळे कामी येईल; तुझ्या पायांना जे येते त्यातले मात्र फार थोडे. ही तफावत ज्याच्या लक्षात येते तो झपाट्याने शिकतो. ज्याच्या लक्षात येत नाही त्याचे धाडस त्याच्या पायांना मागे टाकते, आणि इजा बहुधा तिथेच होते.

डोळ्यांविषयी फारसे लिहायला नको. रात्रभर गोठून कडक झालेला सकाळचा बर्फ, दुपारच्या उन्हाने ओलसर झालेला बर्फ आणि नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ यांतला फरक तुला दुरूनच कळतो. उताराची सरळ रेषा कोणती, म्हणजे एखादा चेंडू सोडला तर तो कोणत्या वाटेने घरंगळत जाईल, हे तू विचार न करता ओळखतोस. वेगाची पहिली भीती तू केव्हाच मागे टाकली आहेस. आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघाचे दहा आचारनियम दोघांनाही सारखेच लागू असल्यामुळे, पुढे असणाऱ्याचा हक्क पहिला, हे तुला नव्याने सांगावे लागणार नाही. त्यात एवढीच भर घाल की, बोर्डावर आपण आडवे उभे असतो आणि त्यामुळे आपल्या पाठीकडची बाजू नजरेआड जाते. टाचांच्या बाजूला वळण्याआधी खांद्यावरून मागे पाहून घेण्याची सवय पहिल्या दिवसापासूनच लावून घे.

आता पायांकडे येतो, कारण खरा विषय तोच आहे. स्कीवर तुझी छाती उताराकडे असते, दोन्ही पाय स्वतंत्र असतात आणि वळताना भार बाहेरच्या स्कीवर येतो. तोल ढळू लागला की तू एक पाय उचलून दुसरीकडे टाकतोस किंवा काठी टेकतोस. अगदी नवशिका असताना तू स्कींची पुढची टोके जवळ आणून आणि मागची फाकवून वेग आवरायला शिकला होतास. यांपैकी एकही सोय बोर्डावर नाही. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात, हातात काही नसते, आणि भार एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकण्याऐवजी तो टाचांवरून चवड्यांवर व चवड्यांवरून टाचांवर न्यायचा असतो. स्कीचा कठीण बूट घोट्याला जवळजवळ जखडून टाकतो. बोर्डाचा बूट मऊ असतो आणि घोट्याने काम करावे अशी त्याची अपेक्षा असते. इतकी वर्षे स्वस्थ बसलेला तुझा घोटा आणि पोटरी पहिल्या काही दिवसांत चांगलीच दुखतील. ते दुखणे योग्य जागीच आहे असे समज.

स्कीइंग करणाऱ्याला सर्वांत जास्त चकवणारी गोष्ट म्हणजे पुढे झुकण्याची दिशा. स्कीवर मागे बसू नये, नडग्या बुटाच्या जिभेवर दाबून पुढे यावे, हे आपल्या हाडात मुरलेले असते. तीच हालचाल बोर्डावर केलीस तर भार चवड्यांच्या कडेवर, म्हणजे फळीच्या चवड्यांखालच्या लांब धारेवर, जाईल आणि बोर्ड वळण्याऐवजी आडवाच अडेल. इथे पुढे यायचे ते बोर्डाच्या नाकाकडे, म्हणजे पुढच्या पायावर. मागे बसू नये हा नियम अगदी तोच आहे. तो फक्त काटकोनात फिरला आहे. मला हे समजले तेव्हा पुष्कळ कोडी एकदम सुटली, म्हणून तुला ते आधीच सांगून ठेवतो.

दुसरी सवय खांद्यांची. कमरेवरचे शरीर उताराकडे स्थिर ठेवून खाली पायांनी वळायचे, हे चांगल्या स्कीइंगचे लक्षण आहे आणि ते साधण्यासाठी तू बराच घाम गाळला आहेस. सुरुवातीच्या काळात बोर्डावर ते बाजूला ठेव. खांदे बोर्डाच्या समांतर असू देत आणि नजर व पुढचा खांदा जिकडे जायचे तिकडे आधी वळू देत. छाती उताराकडे धरून ठेवलीस तर चवड्यांच्या वळणात शरीराला पीळ बसतो, कड पुरती रुतत नाही, आणि मग माणूस मागच्या पायाने बोर्डाची शेपटी ढकलून वळण पुरे करू पाहतो. शेपटी ढकलून वळण झाल्यासारखे दिसते खरे, पण कडक बर्फावर ते टिकत नाही.

उतारावर जाण्यापूर्वी कोणता पाय पुढे ठेवायचा हे ठरवावे लागेल. डावा पुढे असेल तर त्याला रेग्युलर म्हणतात, उजवा पुढे असेल तर गूफी. उजवा किंवा डावा हात वापरण्याशी त्याचा थेट संबंध नसतो. मोजे घालून गुळगुळीत जमिनीवर धावत येऊन घसरून पाहा. जो पाय आपोआप पुढे जाईल तो बहुधा तुझा पुढचा पाय. पुढच्या बाइंडिंगचा, म्हणजे बूट फळीला बांधणाऱ्या पकडीचा, कोन सुमारे 15 अंश पुढे आणि मागच्याचा त्याच्या उलट दिशेने 6 ते 15 अंश, ही मांडणी नवशिक्याला मानवते. स्कीची सवय असलेल्याला दोन्ही पाय पुढे वळवून उताराकडे तोंड करण्याचा मोह होतो. तो आवर, कारण आडवे उभे राहायला शिकणे हेच तर आपले काम आहे.

शिकण्याचा क्रम साधा आहे, पण तो ओलांडू नकोस. आधी सपाटीवर फक्त पुढचा पाय बांधून, मागच्या पायाने ढकलत चालायचे. मग अगदी हलक्या, खाली आपोआप थांबवणाऱ्या उतारावरून सरळ घसरायचे. त्यानंतर बोर्ड उताराला आडवा धरून टाचांच्या कडेवर हळूहळू खाली सरकायचे, आणि भार या पायावरून त्या पायावर देत गळणाऱ्या पानासारखे डावीउजवीकडे तिरके उतरायचे. हेच सगळे पुन्हा चवड्यांच्या कडेवर, उताराकडे पाठ करून. इथेच पुष्कळ जण कच्चे राहतात. टाचांच्या कडेवर तोंड खाली असते, वाट दिसते, आणि त्या एकाच कडेवर कुठलाही उतार उतरता येतो. त्यामुळे चवड्यांची कड शिकण्याची निकड वाटत नाही. स्कीइंग करणाऱ्याला तर वेगाची भीती नसल्यामुळे तो टाचांवरच मोठमोठे उतार उतरू लागतो आणि तिथेच अडकून पडतो. निम्मा वेळ चवड्यांच्या कडेला दे. निम्म्याहून जास्त दिलास तरी हरकत नाही.

कड का पकडते, म्हणजे नको तेव्हा बर्फात रुतून माणसाला का पाडते, हे समजून घेतलेस तर निम्मी भीती जाईल. बोर्ड उताराला आडवा असताना वरच्या बाजूची कड बर्फात असते आणि खालची किंचित उचललेली असते. ती खालची कड बर्फाला टेकली की बोर्ड जागच्या जागी थांबतो, शरीर मात्र थांबत नाही, आणि माणूस उताराच्या दिशेने फेकला जातो. टाचांच्या कडेवर असलास तर तू पुढे, हातांवर व गुडघ्यांवर पडशील. चवड्यांच्या कडेवर असलास तर पाठीवर, आणि मग डोक्याचा मागचा भाग आपटण्याचा धोका असतो. दोन स्कींपैकी एक चुकली तर दुसरी सावरून घेते, म्हणून सपाट स्कीवर निवांत सरकत जाण्याची आपल्याला सवय असते. बोर्डावर ती मुभा नाही. बोर्ड आडवा असेल तोवर वरची कड धरलेलीच असली पाहिजे.

सपाट बोर्डाचा एकच क्षण आपल्याला मुद्दाम हवा असतो, आणि तो वळणाच्या मध्यावर येतो. तिरके जात असताना भार पुढच्या पायावर आणलास, कड हळूहळू सोडलीस आणि नजर वळवलीस की बोर्डाचे नाक आपण होऊन उताराच्या सरळ रेषेत येते. त्या क्षणी वेग वाढतो, मन मागे खेचते, आणि भार मागच्या पायावर गेला तर नाक हलके पडून बोर्ड सरळ धावत सुटतो. इथे तुझी जुनी शिदोरी खरोखर कामाला येते. सरळ रेषेतून जाताना वेग वाढणारच, आणि वळण पुरे केले की तो उतरणारच, हे तुला अनुभवाने माहीत आहे. नवख्या माणसाला हा विश्वास मिळवायला बराच काळ लागतो. तो तू सोबत घेऊन येतो आहेस. त्या एका श्वासापुरते पुढच्या पायावर टिकून राहा आणि मग नव्या कडेवर सावकाश ये.

पडण्याचीही तयारी हवी, कारण स्कीवर आता तू क्वचितच पडतोस. स्कीवर जपावे लागतात ते गुडघे. स्कीची बाइंडिंग धक्क्याने सुटतात. बोर्डाची सुटत नाहीत, आणि नवशिक्याची सर्वाधिक इजा मनगटाला होते, कारण पडताना हात आपोआप पुढे टेकला जातो. मुठी मिटून, कोपरापासून पुढचा हात सपाट टेकवत पडायला शीक. मागे पडत असलास तर हनुवटी छातीला लावून बसत बसत लोळ. हेल्मेट तर तू घालतोसच. त्याबरोबर मनगटाचे संरक्षक, गुडघ्याचे पॅड आणि माकडहाडासाठी जाड अस्तराची चड्डी घेच. आणि पहिल्या दिवसांसाठी मऊ बर्फ असलेला दिवस निवड.

चेअरलिफ्टवरची, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या टांगत्या खुर्च्यांवरची, चढउतार स्कीवर विचारही न करता होते. बोर्डावर ती शिकावी लागते. मागचा पाय सोडलेला ठेवायचा, उतरताना नाक सरळ पुढे धरायचे, मोकळा पाय मागच्या बाइंडिंगला टेकून बोर्डावर ठेवायचा, उभे राहायचे आणि बोर्ड थांबेपर्यंत वळण्याची घाई करायची नाही. सपाट पट्ट्यांवर काठ्यांची फार आठवण येईल, म्हणून असा पट्टा दुरून दिसताच वेग राखून ठेव.

तुझ्या ओळखीचे काही स्कीइंगवाले या फळीकडे तुच्छतेने पाहतात, असे तू लिहिले आहेस. त्यांना सांग की तिचा जन्मच स्कींपासून झाला. 1965 मध्ये मिशिगनमधील शेरमन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या, आणि स्नर्फर नावाने ती वस्तू बाजारात आली. जेक बर्टन कार्पेंटर यांनी 1977 मध्ये व्हरमाँटमध्ये बोर्ड बनवण्याचा व्यवसाय सुरू केला; 1998 च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. अमेरिकेतील आल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या ठिकाणी आजही बोर्डाला मज्जाव आहे, याचे मला वाईट वाटते. आणि 2018 च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्का हिने स्कीइंगच्या सुपर-जी शर्यतीत आणि स्नोबोर्डच्या समांतर जायंट स्लॅलममध्ये, दोन्हींत सुवर्णपदक जिंकले. एकाच शरीरात दोन्ही विद्या इतक्या उंचीवर नांदू शकतात, याचा मला आजही फार हर्ष वाटतो.

साधनांपैकी बूट सर्वांत महत्त्वाचे. चवड्यांवर उठताना टाच आत उचलली जात असेल तर तो बूट घेऊ नकोस, मग तो कितीही आरामशीर वाटो. बोर्ड मऊ असावा, उभा धरला तर हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावा आणि तुझ्या वजनाला साजेसा असावा; तुझा पाय मोठा आहे, तेव्हा बुटाची टोके बर्फाला घासणार नाहीत इतकी रुंदीही पाहा. सुरुवातीला भाड्याचे साहित्य पुरे. शिक्षक मात्र अवश्य कर, आणि त्याला तुझ्या स्कीइंगविषयी पहिल्याच भेटीत सांग, म्हणजे तुझ्या जुन्या सवयी त्याला लगेच ओळखता येतील. तू स्कीवर ज्या उतारांवर रमतोस त्यांच्याकडे दोन्ही कडांवरची वळणे एकमेकांना जोडता येईपर्यंत वळू नकोस.

मोज्यांचा प्रयोग करून कोणता पाय पुढे येतो ते कळव, आणि उंचीबरोबर वजन व बुटाचे मापही लिही, म्हणजे बोर्डाच्या लांबी-रुंदीविषयी मला नेमके सांगता येईल.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
अनिरुद्ध