फर्गस सूटरचे हात

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "बाबा, पगाराचं पेठेत कुणाला बोलू नका." मी नुसतं "बरं" म्हणालो. पण तुझ्या आवाजात जी चोरटी भीती होती, ती रात्रभर डोक्यातून गेली नाही. समोरासमोर मला कधी धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

तुला क्लबकडून बोलावणं आलं तेव्हापासून मी एका माणसाविषयी मिळेल ते वाचतोय. फर्गस सूटर. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा फुटबॉलपटू, १८५७ चा जन्म. धंदा आपल्याच घरातला, पाथरवटाचा. पार्टिक नावाच्या क्लबात तो तुझ्यासारखाच मागच्या फळीत खेळायचा. १ जानेवारी १८७८ ला हा पार्टिकचा संघ इंग्लंडातल्या लँकेशायरमधल्या डार्वेन या गिरणगावात सामना खेळायला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. ग्लासगोतली बांधकामं थंडावली, दगड घडवणाऱ्यांच्या हाताला काम उरलं नाही. सूटर डार्वेनला आला तो त्याच सुमारास. त्याच्याच संघातला जिमी लव्ह त्याच्या आधी येऊन राहिला होता.

आता जे सांगतो ते नीट वाच. डार्वेनला सूटर काही दिवस दगडकामावर गेला आणि मग ते सोडून दिलं. कारण सांगितलं की इंग्लंडचा दगड फार कठीण, त्याने हात सुजतात. हे आजवर अनेकांना सोयीची थाप वाटत आलंय, कारण हातातलं काम सोडूनही त्याचं पोट भरत होतं आणि फुटबॉलचे पैसे घेणं तर नियमाबाहेर. मला मात्र ती थाप वाटत नाही. बावीस वर्षांचा होईपर्यंत मी तुझ्या आजोबांबरोबर टाकी चालवली आहे. जांभ्यावर हात बसलेल्या माणसाला एकदम काळ्या दगडासमोर बसवलं की काय होतं, ते मी बघितलंय. टाकी उडते, हातोड्याचा दणका थेट कोपरापर्यंत चढतो, रात्री मूठ मिटत नाही. आजोबा मला कोमट पाण्यात मीठ घालून हात बुडवून बसायला लावायचे. सूटरचे हात खरंच सुजले असतील. आणि त्याला फुटबॉलचे पैसेही मिळत असतील. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं रे.

पैसे कसे मिळायचे, हे त्याने पुढे १९०२ मध्ये एका वर्तमानपत्राला सांगितलं. ठरलेला पगार नाही. गरज पडेल तेव्हा खजिनदाराला जाऊन भेटायचं. कधी तीन-तीन महिने काहीच नाही, मग एकदम दहा पौंड. हे वाचताना मला वाईट वाटलं. मैदानात एवढी इज्जत असलेला माणूस, आणि स्वतःच्या घामाचे पैसे मागायला त्याला कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं.

डार्वेनने १८७९ मध्ये एफए कपात, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या बाद स्पर्धेत, काय केलं, ते तुला आवडेल. उपांत्यपूर्व फेरीत समोर ओल्ड इटोनियन्स, म्हणजे इंग्लंडातल्या बड्या घरांतली, ईटनला शिकलेली मंडळी. सामना लंडनला, ओव्हलवर. डार्वेन ५-१ ने मागे होते. शेवटच्या पंधरा मिनिटांत चार गोल मारून त्यांनी ५-५ केलं! जादा वेळ खेळायला इटोनियन्स तयार झाले नाहीत. गिरणीतल्या लोकांनी वर्गणी काढून पोरांना पुन्हा लंडनला धाडलं. दुसरा सामना २-२. तिसऱ्यात मात्र पाय उचलेनात, ६-२ ने हरले.

सूटर आणि लव्ह यांनी त्या गावाला दिला तो ग्लासगोचा खेळ. इंग्लंडात तेव्हा ज्याच्याकडे चेंडू तो मान खाली घालून पळणार आणि बाकीचे त्याच्यामागे. स्कॉटिश पोरं एकमेकांना पास देऊन पुढे सरकायची. आज तू बॅकवरून मिडफिल्डला सरळ पास देतोस, ती रीत रुजवणाऱ्यांत ही माणसं होती. खेळ शिकवणं हेही कामच, आणि कामाचे पैसे घेतात.

अशी माणसं आणखी होती. १८७६ मध्ये स्कॉटलंडहून शेफील्डला खेळायला गेलेल्या जेम्स लँगचा एक डोळा जहाजबांधणीच्या कारखान्यातल्या अपघातात गेला होता. ते लपवून तो खेळत राहिला.

१८८० मध्ये सूटर डार्वेन सोडून ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. दोन्ही गावं अगदी शेजारी, आपल्या पेठांसारखी. डार्वेनचे लोक भयंकर चिडले. पैशासाठी गेला, असंच सगळे बोलत होते. त्याच नोव्हेंबरात या दोन संघांचा सामना लोक मैदानात घुसल्यामुळे अर्धवट राहिला. कट्ट्यावर तुझ्याबद्दल जे बोललं जातंय, ते माझ्याही कानावर आलंय. म्हणूनच हे मुद्दाम लिहिलं.

ब्लॅकबर्नकडून तो चार अंतिम सामने खेळला. १८८२ मध्ये इटोनियन्सनी हरवलं. मग १८८४, १८८५, १८८६ अशी ओळीने तीन वर्षं कप जिंकला. त्यातल्या पहिल्या दोन वेळा समोर होता क्वीन्स पार्क. म्हणजे त्याच्याच गावचा, ग्लासगोचा क्लब. पैसे घ्यायचे नाहीत हे व्रत त्या क्लबाने पार २०१९ पर्यंत पाळलं. त्यांच्याशी खेळायला उतरताना सूटरच्या मनात काय झालं असेल, याचा मी खूप विचार करतो. तूही एक दिवस पाहुणा संघ म्हणून शाहू स्टेडियमवर उतरशील आणि गॅलरीत आपलीच माणसं असतील.

नियम बदलला तोही भांडणातूनच. १८८४ च्या जानेवारीत प्रेस्टन नॉर्थ एंडवर तक्रार झाली. क्लबाचा कारभार बघणाऱ्या विल्यम सडेलने सरळ कबूल केलं की आम्ही खेळाडूंना पैसे देतो, आणि क्लब कपातून बाहेर काढला गेला. उत्तरेकडचे क्लब वेगळी संघटना काढायला निघाले. शेवटी २० जुलै १८८५ ला इंग्लंडच्या असोसिएशनने पगारी खेळाडूंना मान्यता दिली. स्कॉटलंडने त्यासाठी १८९३ पर्यंत वेळ लावला. सूटर आपल्या देशाकडून एकदाही खेळला नाही.

१८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा तो तिशी ओलांडून गेला होता. लीगमध्ये त्याच्या नावावर एकच सामना आहे, तोही गोलकीपर म्हणून. १९१६ मध्ये तो ब्लॅकपूलला वारला. ज्या उघड पगारासाठी एवढं रान पेटलं, तो मिळू लागला तेव्हा त्याचे पाय थकत आले होते. तुला तो एकोणिसाव्या वर्षी मिळतोय, कागदावर, बँकेच्या खात्यात. तो तू लपवावास, हे मला सहन होत नाही. आजोबांनी देवळाच्या जोत्याच्या मजुरीचा आकडा कधी लपवला नाही. कुणी विचारलं तर दगडावर टिचकी मारून सांगायचे.

करारावर सही करण्याआधी त्याचा फोटो काढून मला पाठव. दुखापत झाली तर खर्च कुणाचा आणि त्या महिन्यांचा पगार चालू राहणार का, ते त्यात लिहिलेलं हवं. तोंडी आश्वासनावर थांबू नकोस. खजिनदाराला भेटून बघू, असं कुणी म्हणालं तर तिथेच थांब आणि मला फोन कर.

आईने मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे. गुडघ्याला बर्फ लावतोस ना, असं विचारतेय.

येत्या शनिवारी मी तालमीत जाऊन सांगणार आहे की पोराला खेळायचा पगार मिळतोय. किती, असं विचारलं तर आकडाही सांगेन. तुझं काही म्हणणं असेल तर शुक्रवारपर्यंत कळव.

तुझे,
बाबा